रुपयाएवढा डाग

नाव

मे महिन्यात नागपूरला मनगटापर्यंत बटणं लावून हिंडणारा माणूस एक तर नवरदेव असतो, नाही तर त्याला काहीतरी झाकायचं असतं. समोरच्या बाकावरचा माणूस नवरदेव वाटत नव्हता. केसांत कापसाचे तंतू, डोळ्यांखाली रात्रपाळी आणि भर दुपारी दोन वाजता, खिडकीवरची वाळ्याची ताटी सुकून खडखडीत झालेली असताना, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा.

वच्छला रामटेकेनं खिडकीतून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली. नाव अजून तिला माहीत नव्हतं.

साल त्र्याहत्तर. मिल कामगारांच्या विमा दवाखान्यात वच्छला कार्डं काढायची. कामगारानं नंबर सांगायचा, तिनं मागच्या लाकडी कपाटातून त्याचं कार्ड काढायचं, कार्डातला माणूस आणि समोरचा माणूस एकच आहे याची खात्री करायची आणि मग त्याला डॉक्टरांकडे सोडायचं. सगळा घोळ त्या खात्रीत. औषध फुकट, म्हणून साडू, मेहुणे, शेजारी, कोणीही कोणाचंही कार्ड घेऊन यायचं. कार्डावर एक रकाना असे, ओळखीची खूण. एकाच्या कार्डावर उजव्या हाताला सहा बोटं लिहिलेली आणि माणूस हात खिशात घालून उभा. वच्छला त्याला म्हणाली, "सहावं बोट घरी इसरून आले का गा भाऊ?" अख्खा दवाखाना हसला, माणूस पायरी उतरून पळाला. कंपाउंडर भैय्याजी तेव्हापासून सांगत फिरायचे की रामटेकेबाईला न्यायला यमदूत आला, तरी ती आधी त्याचं कार्ड मागेल.

तर तिनं नाव पुकारलं. शालिकराम ढोबळे. बाकावर कोणी हाललं नाही. शालिकराम कवडूजी ढोबळे, पारशिवनी. तरी नाही. तिसऱ्या वेळी शेजारच्यानं कोपर मारलं, तेव्हा तो पूर्ण बाह्यांवाला खोकत उठला.

ऐकू येत नाही का, असं तिनं विचारलं. मुद्दाम हळू विचारलं.

"साच्याच्या आवाजानं कान गेले जी," तो म्हणाला.

साचा म्हणजे मिलमधला माग. साचेवाल्यांचे कान जातात, हे खरं. पण कान गेलेल्या माणसानं इतका हळू विचारलेला प्रश्न पहिल्या झटक्यात ऐकला होता.

ओळखीची खूण

कार्डावर, तिच्या आधीच्या कारकुनाच्या अक्षरात: डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, रुपयाएवढा.

तिनं बाही वर करायला सांगितली. त्यानं बटण काढलं. डाग होता. रुपयाएवढाच होता.

तिथंच तर सगळं फसलं. या दवाखान्यात भाजलेली माणसं रोज यायची. सुताला खळ लावायच्या खात्यात वाफेनं भाजलेली, घरी चुलीनं भाजलेली. भाजल्याचा डाग सांडलेल्या पाण्यासारखा असतो. तो वाहतो, त्याला फाटे फुटतात, कुठे जाड, कुठे पुसट. हा डाग कंपासनं काढल्यासारखा होता. आधीच्या कारकुनानं अंदाजानं एक शब्द लिहिला होता, रुपयाएवढा. आणि कोणीतरी तो अंदाज हुकूम समजून पाळला होता. निखाऱ्यावर ठेवलेला रुपया, चिमटा, आणि चिमटा धरणारा उजवा हात त्याचा स्वतःचाच असणार, कारण असल्या कामाला दुसरं कोण हात लावेल?

वच्छलाला आपल्याच मनगटावर चटका बसल्यासारखं झालं.

तिनं वर पाहिलं. तिला कळलं आहे हे त्याला कळलं होतं. गयावया त्याच्या चेहऱ्यावर नव्हती, दटावणीही नव्हती. पंचनाम्याच्या वेळी पंच बाजूला उभा राहतो तसा तो उभा होता.

"जुळते का जी?" त्यानं विचारलं.

नियम असा की शंका आली तर कार्ड बाजूला काढून निरीक्षकाकडे पाठवायचं. सात वर्षांत तिनं एकही कार्ड सोडलं नव्हतं. तिनं टाक उचलला आणि लिहिलं, खूण जुळली.

का लिहिलं, हे तिनं स्वतःला पुढचे तीन दिवस विचारलं. मग तिला स्वतःचाही संशय येऊ लागला.

आजार

खोकला. छातीत कापसाची धूळ. आठवड्यातून एकदा औषधाची बाटली भरून न्यायची.

तो आठवड्यातून दोनदा येऊ लागला.

औषध घेतल्यावर लगेच जायचा नाही. कार्डांचे गठ्ठे ज्या फितींनी बांधायचे त्या जुन्या होऊन तुटलेल्या होत्या आणि वच्छला त्यांना गाठींवर गाठी मारून चालवत होती. एके दिवशी तो म्हणाला, आणा इकडे. साच्यावर तुटलेला धागा जोडतात तशी गाठ त्यानं एका हातानं मारली. बोट फिरवलं तरी लागेना. दिवाळीपर्यंत कपाटातल्या साऱ्या फिती त्यानं जोडून टाकल्या. बोलणं फार नाही. पारशिवनीकडे पाऊस झाला, साच्यावर आज कापड वाया गेलं, तुमचा डबा थंडा होऊन राहिला, एवढंच.

भैय्याजींनी पाहायचं ते पाहिलं. औषध ढवळता ढवळता ते म्हणाले, "बाई, या साचेवाल्याच्या खोकल्याले औषधाचा गुण नाही येऊन राहिला. खिडकीचा येऊन राहिला."

वच्छला हसली नाही. तिला ठाऊक होतं, किंवा आपल्याला ठाऊक आहे असं तिला वाटत होतं, की हा माणूस खिडकीशी का येतो. तिनं जे लिहिलं होतं ते ती उद्या खोडू शकत होती. त्याचं सगळं तिच्या दोन शब्दांवर टांगलेलं. मग तो फिती जोडणारच. डब्याची चौकशी करणारच. ती प्रत्येक वेळी त्याच्याकडून एक फीत घ्यायची आणि मनात नोंद करायची: लाच.

पण तो आला नाही त्या मंगळवारी तिनं भलत्याच माणसाचं कार्ड भलत्याला दिलं.

वैवाहिक स्थिती

प्रयागबाईला, म्हणजे आईला, सांगितलेला रविवार असा: सीताबर्डीला दोऱ्याचं रीळ आणायला गेले. गर्दी होती. उशीर झाला.

झालेला रविवार असा: तो सीताबर्डीला आधीपासून उभा होता. दोघांनी कोथिंबीर भरलेली सांबारवडी खाल्ली. त्यानं तिच्या पानातली मिरची न विचारता उचलून आपल्या पानात घेतली. चालता चालता त्यानं विचारलं, आपल्या दोघांचं काही होऊ शकते का. रस्त्यावर, सायकली वाजत असताना, असं. तिनं उलट विचारलं, तुमच्या कार्डावर बायकोचं नाव आहे, कौसल्या, ती कोण?

"त्या कागदावर नका जाऊ जी," तो म्हणाला.

"मंग कोणावर जाऊ?"

ती सिटी बस धरून एकटी घरी आली.

तिच्या या प्रश्नामागे एक लग्न होतं. दहा वर्षांपूर्वीचं. वच्छलाच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, त्यामुळे लग्न साधं, पांढरी साडी, बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती, चारशे लोक. नवरा गोंदियाला रेल्वेत. चौथ्या महिन्यात कळलं की त्याची एक बायको बालाघाटला आहे, दोन लेकरांसकट. प्रयागबाई स्वतः गोंदियाला गेली, जावयाच्या दारात पाय न ठेवता बाहेरूनच लेकीला हाक मारली आणि पेटीसह घेऊन आली. कागद नव्हता. लग्न झाल्याचा नव्हता, मोडल्याचाही नव्हता. पुढे नोकरी लागली तेव्हा सर्व्हिस बुकात वच्छलानं अविवाहित लिहिलं आणि लिहिताना हात जरासा थांबला.

त्या दिवसापासून तिनं ठरवलं होतं की माणूस बोलतो ते ऐकायचं आणि कागदावर असतं ते धरायचं. आता हा एक माणूस, ज्याचा कागद सांगतो त्याला बायको आहे, आणि जो म्हणतो कागदावर जाऊ नका. गोंदियावालाही असंच काहीतरी म्हणाला असता, जर त्याला कोणी विचारलं असतं.

अवलंबून असलेल्या व्यक्ती

पत्नी, कौसल्या. मुलगी एक.

पुढच्याच महिन्यात पत्नी कौसल्या दवाखान्यात आली. तो तिला घेऊन आला होता, पण पायरीपाशीच थांबला. वच्छलाकडे त्यानं पाहिलं नाही. बाई तापानं फणफणलेली, कपाळावर मोठं कुंकू, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या.

वच्छलानं ठरवलं होतं की ही बाई आली तर तिच्याकडे फक्त कार्डासारखं पाहायचं. तसंच पाहिलं, म्हणून दिसलं.

कुंकू वाकडं होतं. रोज लावणाऱ्या बाईचं बोट आरशाशिवायही मधोमध जातं. बांगड्या इतक्या नव्या की त्यांच्यावर दुकानाची धूळ होती आणि त्यांच्याखाली मनगटावर वर्षानुवर्षांच्या बांगड्यांची फिकी रेघ नव्हती. हात हालला की त्या वाजत आणि वाजल्या की बाई दचके.

मग वच्छलानं नेहमीचा प्रश्न विचारला, नवऱ्याचं नाव.

या खिडकीशी बायका या प्रश्नाला अडतात. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, म्हणून कोणी पदरात तोंड घालतं, कोणी मुलीला पुढे करतं, कोणी म्हणतं कार्डावर लिहिलं आहे ते वाचा न बाई. पारशिवनीकडच्या शेतकरी घरातली चाळिशीची बाई तर हमखास अडणार.

"शालिकराम," कौसल्या म्हणाली. पायलीनं ज्वारी ओतावी तसं, सरळ.

वच्छलाचा टाक थांबला. नवऱ्याचं नाव असं कोण घेतं? जिला आता त्याचं आयुष्य कमी होण्याची भीती उरलेली नाही, ती.

तिनं पायरीकडे पाहिलं. तो तिथं पाठमोरा उभा होता. मग हा कोण आहे?

खरं नाव

(हा रकाना कार्डावर नसतो.)

महाराजबागेत, एका बाकाच्या दोन टोकांना बसून, त्यानं सांगितलं. मध्ये तिची पिशवी.

नाव रुपराव. शालिकराम त्याचा थोरला भाऊ. मिलमध्ये साचेवाला, कायम. सदुसष्टच्या वैशाखात रजेवर गावी आला, विषमज्वर झाला आणि अकराव्या दिवशी गेला. मागे वहिनी आणि चार वर्षांची मुलगी. रुपराव तेव्हा लोकांच्या वावरात रोजानं जायचा. भावाचं सामान आणायला तो नागपूरला आला. चेहऱ्यानं दोघं सारखे. खात्यातला मुकादम दाराशीच भेटला, वर-खाली पाहिलं आणि म्हणाला, रजा संपली का शालिकराम, उद्यापासून ये. मुकादमाला काय ते कळलेलं होतं. रुपराव एवढंच म्हणाला, येतो. रात्री खोलीत भावाचं विम्याचं कार्ड वाचलं. भावाचा डाग लहानपणी गुळाच्या कढईचा होता, चांगला वीतभर पसरलेला. पण कार्डात रुपयाएवढा लिहिलं होतं.

"तर मी रुपया घेतला," तो म्हणाला.

तरी दवाखाना त्यानं सहा वर्षं टाळला होता, आणि आला त्या दिवशी नाव पुकारलं तरी उठायची हिंमत होईना. वच्छलानं ऐकून घेतलं. साऱ्या गोष्टी एकमेकींत बसत होत्या आणि इतक्या चांगल्या बसत होत्या की तिला त्यांचाही संशय आला. तिनं मग तो प्रश्न विचारला जो ती सहा महिने जपून होती.

"माह्याकडे काहून येत होते? माहं तोंड बंद राहावं म्हणून?"

तो नाही म्हणेल, याची तिनं तयारी ठेवली होती. नाही म्हणाला असता तर तिनं उठून जायचं ठरवलं होतं.

"पयले त्याच्याचसाठी आलो जी," रुपराव म्हणाला. "तुम्ही लिहून देलं, पण उद्या खोडान, हे भेव होतं. मंग त्या फिती जोडता जोडता भेव कुठं गेलं, मले समजलं नाही."

"कोणत्या दिवशी गेलं?"

"दिवस कसा सांगू?"

"ज्याले तारीख नाही ते मी मांडत नाही," वच्छला म्हणाली, पिशवी उचलली आणि उठून गेली. फाटकापाशी गेल्यावर तिच्या लक्षात आलं की तो नाही म्हणाला नव्हता, तरी ती उठून आली होती.

राहण्याचं गाव

कोणालाही न सांगता ती एस.टी.नं पारशिवनीला गेली. तपासायला. कापूस वेचणी चालू होती. लोकांनी वावर दाखवलं.

कौसल्या ओटीत कापूस घेऊन ओळीतून येत होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. वच्छलाला तिनं लगेच ओळखलं आणि पदर सावरला नाही की कपाळ झाकलं नाही.

"पाहाले आली न वं मले?"

वच्छला हो म्हणाली.

"पाहा मंग."

दोघी बांधावर बसल्या. कौसल्यानं तिला लोट्यातून पाणी दिलं, आपण वरून प्यायली, आणि मग आपणहून बोलू लागली. गावाला सगळं माहीत होतं, तेरवीला गावच जेवलं होतं. पण नागपूरचं कोणी गावात यायचं म्हटलं, पोळ्याला, कोणाच्या लग्नाला, मिलमधला एखादा, की निरोप यायचा आणि कौसल्या डबीतलं कुंकू काढायची. तो माणूस एस.टी.त बसला की पुसायची. सहा वर्षं.

"घरचा माणूस गेला तं बाई वरीसभर रडते, मंग कामाले लागते," ती म्हणाली. "मले कोनी पुरतं रडूच नाही देलं. लाव आन पूस. लाव आन पूस. माह्या मालकाले अजून धड मरू नाही देलं या लोकायनं."

वच्छलानं विचारलं, मग दिराला कधी सांगितलं का नाही?

कौसल्यानं ओटीतल्या कापसातली एक सुकी पाती वेचून टाकली. तिला वाटायचं भाऊजीला शहर मानवलं आहे. साच्यावर बसला, माणसात आला. त्याच्या पोटावर आपण कशाला पाय द्यायचा? पोरगी आता मोठी झाली, वावर आहे, हातपाय धड आहेत. तिला त्या पगाराचं काही नव्हतं. पण त्यानं इतकं केलं, तर त्याला पुरे म्हणायचं कसं?

"तू सांग त्याले," ती म्हणाली. "भाऊजीनं तुहं सांगतलं मले. पण तुह्या लग्नासाठी नाही सांगून राहिली मी. माह्यासाठी."

परतीच्या एस.टी.त वच्छला खिडकीशी बसली. ती जे तपासायला गेली होती ते पुरं तपासून झालं होतं. एकही गोष्ट खोटी निघाली नव्हती. तिला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला लाज वाटत होती, आणि ती कशाची हे कामठी येईपर्यंत ठरेना.

काम सोडल्याचे कारण

घरगुती.

वच्छलानं खिडकीशीच त्याला वहिनीचा निरोप दिला होता, शब्द न बदलता. तो कार्डांच्या कपाटाकडे पाहत म्हणाला, "मले वाटे वहिनीले पाहिजे म्हणून." आणि निघून गेला, त्या दिवशी औषध न घेता.

राजीनाम्यावर त्यानं भावाची सही शेवटची केली. खात्यातल्या लोकांनी त्याला निरोप दिला. हार, चहा, चिवडा. एका म्हाताऱ्या साचेवाल्यानं भाषण केलं की शालिकराम पहिल्यापासून असाच, एकसष्ट साली आला तेव्हाही मान खाली घालून काम करायचा, मध्ये एकदा गावाहून आजारी होऊन आला तेव्हापासून जरा अबोल झाला, पण माणूस सोन्यासारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुपराव हार गळ्यात घालून ऐकत होता. भावाबद्दल कोणी इतकं चांगलं बोललेलं तो पहिल्यांदा ऐकत होता. मिलच्या फाटकाबाहेर येऊन त्यानं हार काढला आणि भिंतीला टेकून इतका रडला की पाळीवरचे लोक म्हणाले, नोकरीवर लय जीव होता याचा.

हे सगळं त्यानं तिला नंतर सांगितलं. इतवारीत एका विणकर सोसायटीत त्याला हातमाग मिळाला होता, रुपराव कवडूजी ढोबळे या नावानं. मिळकत निम्मी.

आणि आता वच्छलाच्या मनातल्या जुन्या हिशेबाला नवा फाटा फुटला. त्याला आता तिच्या गप्प बसण्याची गरज नव्हती. कार्ड गेलं, विमा गेला, खिडकी गेली. ज्या भीतीनं तो आला होता ती भीतीच उरली नव्हती. मग आता तो येतो का, हे पाहायचं.

तो आला. आठव्या दिवशी, थेट घरी. प्रयागबाईनं दारातच विचारलं की कुणब्याचं पोरगं आमच्या घरचं पाणी पिते का. तो बसला, पेलाभर पाणी प्यायला आणि आणखी एक पेला मागितला. "दोन पेले तं सगळेच पेतात," प्रयागबाई म्हणाली. "घरी सांगतात का, ते पाहू." त्यानं वहिनीला आधीच सांगितलं होतं. मग प्रयागबाईनं एकच अट घातली, ती लेकीचीही होती: कागद.

दोन धर्मांचं लग्न म्हणजे कचेरीतच. तिथल्या कारकुनानं वच्छलाला आधीच्या लग्नाबद्दल विचारलं. नोकरी लागताना तिनं जे लिहिलं नव्हतं ते तिनं आता पूर्ण सांगितलं, गोंदियापासून बालाघाटपर्यंत. कारकुनानं ऐकून, ते लग्नच कायद्यानं लग्न नव्हतं असं सांगितलं आणि शिक्का मारला. रुपराव बाजूला उभा होता. त्याला ती गोष्ट तिनं आजवर सांगितली नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते पाहायचं तिला सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं आणि मग ते सारखं सुचत राहिलं.

हरकत असल्यास

नोटीस कचेरीच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर तीस दिवस लागते. दोघांची नावं, वडिलांची नावं, वय, पत्ता, धंदा. कोणाची हरकत असेल तर त्यानं येऊन सांगावी.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वच्छला रिक्षा करून गेली आणि नोटीस वाचून आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. डबा तसाच परत येऊ लागला. भैय्याजी म्हणाले, "बाई, नोटीस काय उडून जाते?" ती म्हणाली, वाऱ्याचं काही सांगता येत नाही.

ती कोणाची हरकत शोधत होती? गोंदियावाल्याची नाही. ढोबळ्यांच्या भाऊबंदांची शक्यता होती, पण तिला त्यांची भीती नव्हती. तिला वाटायचं एक दिवस ती येईल आणि फळ्यावर नोटीस नसेल. कारकून सांगेल की ते स्वतःच येऊन काढून घेऊन गेले. हातमागावर अर्धपोटी बसलेला माणूस, ज्याच्या होणाऱ्या बायकोचं चारशे लोकांसमोर एकदा लग्न झालेलं आहे, जी सात वर्षं माणसांच्या मनगटांकडे संशयानं पाहत आली आहे. तो विचार करणार नाही का? आठवड्यातून एकदा तो घरी यायचा, प्रयागबाईशी बोलायचा, जायचा. नोटिशीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ते न बोलणंही तिनं मांडून ठेवलं होतं.

तेविसाव्या दिवशी दवाखान्यात दुपारी तपासणी होती, म्हणून ती सकाळी साडेदहालाच कचेरीत गेली.

फळ्यासमोर रुपराव उभा होता.

त्याची पाठ होती दाराकडे, ती तिथंच थांबली. तो बोट ठेवून ओळ ओळ वाचत होता. नावापाशी थांबला, पुढे गेला, खाली शिक्क्यापर्यंत गेला, मग शेजारच्या दोन नोटिसाही वाचल्या, त्यांच्या मागे काही चिकटलेलं आहे का ते कोपरा उचलून पाहिलं. वच्छलाच्या मनात तेवीस दिवसांचं सगळं एकदम उभं राहिलं. काढायला आला.

"तुम्ही इथं काहून?"

तो चमकला. चोरी सापडल्यासारखा हात मागे घेतला.

"पाहून राहिलो होतो जी."

"काय?"

"कोनी आडवं आलं का ते."

"रोज येता?"

त्यानं मान हलवली. मागावर बसायच्या आधी, सकाळी. पहिल्या दिवसापासून.

"कोण येणार आहे हरकत घ्याले?" तिनं विचारलं. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा वर गेला आणि व्हरांड्यातला शिपाई वळून पाहू लागला.

रुपराव फळ्याकडेच पाहत म्हणाला, "तुम्ही."

वच्छलानं त्याच्याकडे पाहिलं. सकाळी तो, दुपारी ती. तेवीस दिवस एकच कागद दोघं दोन वेळांना तपासत होते, मधल्या वेळात दुसऱ्यानं तो खोडला असेल म्हणून. तिला हसायला आलं, ते आलं तसं तिनं येऊ दिलं. त्याला कळेना. मग तिनं सांगितलं, तेव्हा तोही हसला, पण जरा उशिरा, आधी तिचा चेहरा नीट पाहून.

"अजून सात दिवस आहेत," ती म्हणाली.

"हो."

"मले सात दिवसांत काही बी वाटू शकते. सांगून ठेवते."

"मले बी."

"मंग उद्यापासून एकाच टायमाले येऊ," वच्छला म्हणाली. "साडेदहाले. दोघंही पाहू."

तो बरं म्हणाला. ती पायऱ्या उतरून रिक्षापर्यंत गेली, रिक्षात बसली आणि रिक्षा वळण्याआधी तिनं एकदा मागे वळून पाहिलं. तो फळ्याजवळ नव्हता. पायरीवर उभा राहून तो तिची रिक्षा कुठे वळते ते पाहत होता.